खानदेशच्या उन्हाळ्यात संगणक: पैसा प्रोसेसरवर घालावा की विजेवर?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास आपल्याकडे संगणकांची बरीच खरेदी होते. घ्यायला निघालेला माणूस दुकानदाराला आधी विचारतो ते प्रोसेसर ‘आय-फाइव्ह घेऊ की आय-सेव्हन’ एवढेच. ज्या खोलीत ते यंत्र ठेवायचे आहे तिचे छत स्लॅबचे आहे की पत्र्याचे, तिथे संध्याकाळी व्होल्टेज किती उरते आणि भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग खरोखर जोडलेले आहे का, हे त्याला कोणी विचारत नाही आणि तोही होऊन सांगत नाही. चाळीसगावात दुरुस्तीचे काम करताना माझे मत असे बनत गेले आहे की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत संगणकासाठी काढलेल्या रकमेचा निदान पाचवा हिस्सा वीज आणि हवा यांवर घालावा, आणि त्यापायी प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा लागला तरी बेलाशक घ्यावा.

प्रोसेसरचे तापमान हे खोलीच्या तापमानावर चढत जाते. खोली २५ अंशांवर असताना जो लॅपटॉप कामाच्या भरात ७५ अंशांपर्यंत जातो, तोच ४२ अंशांच्या खोलीत ९२ च्या आसपास पोचतो. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश असते. तिथे पोचलेला प्रोसेसर जळत नाही, तर स्वतःचा वेग उतरवून घेतो. म्हणजे जादा पैसे मोजून घेतलेला वेग मे महिन्याच्या दुपारी, नेमका हवा असतो तेव्हा, हाती लागत नाही. पारा ४५ च्या वर जाणे ही जळगाव-भुसावळकडे आता बातमीसुद्धा राहिलेली नाही, आणि ॲपलसारखी कंपनी आपला मॅकबुक १० ते ३५ अंशांच्या हवेत वापरावा असे स्पष्ट छापते.

दुसरी गोष्ट धुळीची. कपाशी निघून जिनिंग सुरू झाले की त्या परिसरातल्या दुकानांतून येणाऱ्या यंत्रांत साधी धूळ नसते. पंखा आणि जाळी यांच्यामध्ये तंतूंचा एक दाट थर बसलेला असतो, आणि बाहेरून फुंकर मारून तो निघत नाही. डाळ मिलच्या आसपासची भुकटी त्याहून बारीक असते आणि पंख्याच्या बेअरिंगपर्यंत जाते. अशा ठिकाणी वर्षातून दोनदा, एकदा होळीच्या आधी आणि एकदा दिवाळीनंतर, यंत्र उघडून साफ करणे आणि दोन-तीन वर्षांनी प्रोसेसरची उष्णता बाहेर काढून देणारी थर्मल पेस्ट बदलणे यावर होणारा खर्च मी चैनीचा मानत नाही. साफ करताना पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मात्र मारू नये, कारण तिच्यात पाणी आणि तेलाचे कण असतात आणि तिच्या दाबाने पंखा भलत्याच वेगाने फिरतो.

मंडळींनी आपापली मते लिहावीत. विरोधी मत असल्यास अधिक आनंद होईल.

अनेर

गिरणाकाठ भाऊ, विरोधी मत मागितलेच आहे म्हणून लिहितो. मी मूळचा चोपड्याचा आणि सध्या पुण्यात सर्व्हरच्या देखभालीचे काम करतो. उन्हाचा बाऊ थोडा जास्त होतो आहे असे मला वाटते. वातानुकूलन अभियंत्यांची अ‍ॅश्रे नावाची जी अमेरिकी संस्था आहे, ती डेटा सेंटरसाठी १८ ते २७ अंशांची शिफारस करते हे खरे, पण तिच्याच वर्गवारीतल्या ए-फोर वर्गाच्या यंत्रांना ४५ अंशांपर्यंतच्या हवेत चालण्याची मुभा आहे. म्हणजे उष्ण हवेत इलेक्ट्रॉनिक्स चालतच नाही असे नव्हे.

माझ्या मते पहिला पैसा विजेवरही नको आणि प्रोसेसरवरही नको, तो एसएसडीवर, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर साठवण करणाऱ्या डिस्कवर, घालावा. गावाकडे गेलो की नातेवाइकांचे ‘संगणक फार मंद झाला आहे’ हे गाऱ्हाणे ऐकू येते, आणि उघडून पाहावे तर आत मिनिटाला ५४०० फेऱ्यांची हार्ड डिस्क निघते. सलग वाचनात अशी डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी देते आणि साटा जोडणीची एसएसडी साडेपाचशेच्या घरात जाते, पण खरा फरक तिथे नसून छोट्या-छोट्या विखुरलेल्या फायली उचलण्यात आहे. डिस्कची सुई सेकंदाला शंभराच्या आसपास ठिकाणी पोचते, तर एसएसडी हजारो ठिकाणचे वाचते. विंडोज सुरू होताना नेमके हेच काम असते. आठ-दहा वर्षांपूर्वीचा संगणक एवढ्या एका बदलाने पुन्हा कामाचा होतो, आणि २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव जगभर चढलेले असताना, कारण कारखान्यांचे उत्पादन एआयच्या डेटा सेंटरांकडे वळले आहे, जुने यंत्र राखण्याला पूर्वीपेक्षा अधिक अर्थ आला आहे.

गिरणाकाठ

एसएसडीबद्दल दुमत नाही, तो खर्च मी गृहीतच धरला होता. अ‍ॅश्रेचा दाखला मात्र इथे बसत नाही. त्या ए-फोर वर्गातल्या सर्व्हरला समोरून गाळलेली हवा मिळते, त्याचे पंखे कान किटतील एवढ्या जोराने फिरतात आणि त्याच्या पोटात लिथियमची बॅटरी चोवीस तास तापत नसते. आपल्या दुकानांतले लॅपटॉप सकाळी नऊ ते रात्री नऊ चार्जरला जोडलेले, शंभर टक्के भरलेले आणि चाळीस अंशांच्या हवेत बसलेले असतात. लिथियम बॅटरीला मारण्यासाठी याहून चांगली व्यवस्था करता येणार नाही, कारण पूर्ण चार्ज आणि उष्णता या दोन्ही गोष्टी तिला स्वतंत्रपणे म्हातारी करतात आणि इथे त्या एकत्र येतात. परिणामी टचपॅड एका बाजूने वर उचलला जातो, क्लिक नीट होत नाही, आणि गिऱ्हाईक ‘टचपॅड बदलून द्या’ म्हणून येते. खाली फुगलेली बॅटरी असते. असे दिसले की यंत्र त्याच क्षणी बंद करावे, बॅटरी दाबून बसवण्याचा किंवा टोचण्याचा विचारही करू नये.

बहुतेक कंपन्यांच्या सोबत येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा बायॉसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. ती फुकट आहे आणि आपल्याकडे ती जवळजवळ कोणी वापरत नाही. काही जण बॅटरी काढून ठेवून लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालवतात, पण मग वीज जाताच काम जाते, त्यापेक्षा ८० ची मर्यादा बरी.

पांझराकाठ

आमच्या कन्येला यंदा धुळ्यातच अभियांत्रिकीला प्रवेश घ्यायचा आहे आणि तिला ऑटोकॅड व त्रिमितीय डिझाइनचे सॉफ्टवेअर चालवावे लागेल. दुकानदार गेमिंगचा लॅपटॉप घ्या म्हणून आग्रह करतो आहे. वरचे वाचून मी गोंधळलो आहे. प्रोसेसर खालचा घ्या हा सल्ला तिलाही लागू पडतो का? घर पांझरेकाठच्या जुन्या भागात आहे, वरचा मजला आहे, आणि दुपारी तिथे बसवत नाही.

अनेर

पांझराकाठ दादा, तिच्या कामाला ताकद लागणार हे उघड आहे, तिथे एक पायरी खाली येऊ नका. पण ती ताकद लॅपटॉपमध्येच हवी का, हे आधी ठरवा. रोज घरूनच जाणार असेल आणि वर्गात न्यायची सक्ती नसेल, तर तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप अधिक वेगवान मिळतो. त्याचा कूलर मोठा असतो, धूळ काढणे सोपे असते आणि एखादा भाग गेला तर तेवढाच बदलता येतो. लॅपटॉपच हवा असेल तर प्रोसेसरच्या नावातले शेवटचे अक्षर पाहा. इंटेलचे एच अक्षराचे प्रोसेसर साधारण ४५ वॅटच्या हिशेबाने बनवलेले असतात आणि यू अक्षराचे १५ वॅटच्या. एच घेतल्यास तो जाड, दोन पंख्यांचा आणि खालून हवा ओढणारा असावा. पातळ देहात कोंबलेला एच प्रोसेसर धुळ्याच्या मे महिन्यात यू प्रोसेसरइतकाच चालेल आणि आवाज तेवढा जास्त करील. एवढ्यापुरते मी धागाकर्त्यांशी सहमत आहे.

वापरताना एक सोपी युक्ती आहे. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केली की बहुतेक यंत्रांत टर्बो (वेग तात्पुरता वाढवण्याची सोय) बंद होतो आणि तापमान लक्षणीय उतरते. नुसते चित्र काढताना तो वेग लागत नाही, रेंडरिंगला (त्रिमितीय आराखड्याचे अंतिम चित्र तयार करायला) बसायचे असेल तेव्हा पुन्हा १०० करावे, आणि ते काम पहाटे उरकावे.

भुसावळकर

मी नोकरीभर विजेच्या कामात होतो आणि आता निवृत्त आहे, त्यामुळे प्रोसेसरच्या पिढ्यांवर बोलणार नाही. धागाकर्त्यांनी ‘वीज’ एवढे लिहून जो विषय पुढे सरकवला त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट अर्थिंग ही आहे.

संगणकाच्या पत्र्याच्या कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, ही तक्रार आपल्याकडे घरोघर आहे. तिचा अर्थ संगणक बिघडला असा नसतो. एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीच्या, आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून अर्थकडे जाणारे लहान कपॅसिटर बसवलेले असतात, आणि त्यांतून झिरपणारा किंचित प्रवाह अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा अशी योजना असते. अर्थिंग नसेल तर कॅबिनेट मेन्सच्या निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास, लोंबकळत राहते. प्रवाह अगदी अल्प असल्यामुळे माणसाला झिणझिण्यांपलीकडे काही होत नाही, पण त्याच अवस्थेत मॉनिटरची किंवा यूएसबीची केबल चालू यंत्राला लावली तर पोर्ट जाऊ शकतो. ‘एचडीएमआय आपोआप गेले’ असे जे सांगितले जाते त्यातले बरेचसे असे गेलेले असते.

आता आपल्या जमिनीचे पाहा. तापीच्या खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. अर्थिंगच्या पाइपाभोवतीची माती अशी सुटली की पाइप खड्ड्यात उभा असतो खरा, पण जमिनीशी त्याचा संबंध नावापुरता उरतो. मीठ-कोळसा भरलेला खड्डा असेल तर मार्च ते जून आठवड्याला बादली-दोन बादल्या पाणी तिथे ओतले पाहिजे. पूर्वीची माणसे हे न चुकता करीत, आता त्या खड्ड्यावर फरशी बसते. वायरमन आला की भार चालू ठेवून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधले व्होल्टेज मोजून घ्यावे. दोन-तीन व्होल्टपर्यंत काळजी नसते, दहाच्या वर आकडा गेला तर कुठेतरी काहीतरी सुटलेले आहे असे समजावे. आणि सॉकेटमध्येच न्यूट्रल व अर्थ यांना तुकडा मारून जोडण्याची जी युक्ती काही जण करतात ती जीवघेणी आहे, कारण मागे न्यूट्रल तुटला तर कॅबिनेटवर थेट २३० व्होल्ट येतात.

दुसरी गोष्ट डीपीवरचा, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, न्यूट्रल सैल होण्याची. तसे झाले की एका घराला ११० आणि शेजाऱ्याला साडेतीनशे असा प्रकार होतो, आणि एका दुपारीत गल्लीतले टीव्ही, फ्रिज व संगणक सोबतच जातात. याला यूपीएस पुरेसा पडत नाही. घराच्या मेन स्विचजवळ जास्त आणि कमी अशा दोन्ही व्होल्टेजला तोडणारे उपकरण बसवून घ्यावे. स्पाइक गार्डच्या पट्टीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की अर्थिंग नसेल तर तिचे निम्मे काम आधीच बंद पडलेले असते. वळवाच्या पावसात वीज कडाडू लागली की प्लग काढावा, आणि नेटची केबल तांब्याची असेल तर तीही काढावी. फायबर काचेचा असल्यामुळे त्यातून विजेचा लोळ येत नाही, राउटरच्या वीजजोडणीतून मात्र येऊ शकतो.

तिसरी गोष्ट बॅटरीची. यूपीएसमधली सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी २५ अंशांचा हिशेब धरून बनवलेली असते, आणि तापमान त्याच्या वर दहाएक अंश चढले की तिचे आयुष्य जवळपास निम्मे होते. टेबलाखाली, भिंतीला चिकटून, पश्चिमेच्या बाजूला यूपीएस ठेवणारे लोक दोन उन्हाळ्यांनंतर ‘कंपनी खराब निघाली’ म्हणतात. जागा बदलली तरी फरक पडतो.

तोरणमाळ

भुसावळकर आबा, तुमचे लिखाण जपून ठेवण्यासारखे आहे. मी धडगावकडे शिक्षक आहे. शाळेत दीडशे अ‍ॅम्पिअर-तासांच्या बॅटरीवर इन्व्हर्टर आहे आणि त्यावर दोन संगणक व प्रोजेक्टर चालतात. संध्याकाळी दिवे मंदावतात तेव्हा वीज असूनही इन्व्हर्टर बॅटरीवरच चालत राहतो आणि रात्री खरोखर वीज गेली की बॅटरी रिकामी सापडते. दुरुस्तीवाल्याने इन्व्हर्टर बदलायला सांगितले आहे. तो खर्च आवश्यक आहे का?

भुसावळकर

गुरुजी, खर्च करण्याआधी इन्व्हर्टरच्या मागचे बटण पाहा. तिथे बहुधा यूपीएस आणि नॉर्मल अशा दोन अवस्था असतील. यूपीएस अवस्थेत तो साधारण १८० ते २६० व्होल्टच्या आतली वीजच स्वीकारतो आणि त्याखाली आली की वीज गेली असे समजून बॅटरीवर जातो. नॉर्मल अवस्थेत हीच सीमा शंभरापर्यंत खाली उतरते. तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० च्या खाली जात असणार, म्हणून बॅटरी खर्चही होते आणि त्या वेळात भरतही नाही.

नॉर्मलवर ठेवल्यास तोटा असा की वीज गेल्यावर बदल व्हायला अधिक वेळ लागतो. यूपीएस अवस्थेतला दहा-पंधरा मिलिसेकंदांचा खंड संगणकाचा एसएमपीएस पचवतो, त्याहून मोठ्या खंडात डेस्कटॉप बंद पडून पुन्हा सुरू होण्याचा संभव असतो. म्हणून इन्व्हर्टर नॉर्मलवर आणि प्रत्येक संगणकामागे लहान ६०० व्हीए चा यूपीएस, किंवा इन्व्हर्टरच्या आधी चांगला स्टॅबिलायझर, असे दोन मार्ग आहेत. मला दुसरा अधिक पटतो, कारण पहिल्यात लहान यूपीएसही कमी व्होल्टेजवर तीच कुरकुर करू शकतो. पुढे यंत्र घ्यायची वेळ आली तर शाळेने लॅपटॉपच घ्यावेत. साध्या कामात लॅपटॉप तीस-चाळीस वॅटवर भागवतो आणि मॉनिटरसह डेस्कटॉपला शंभराच्या आसपास लागतात. त्याच बॅटरीवर वर्ग दुपटीहून जास्त वेळ चालेल.

इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल तर मात्र बदलायला हरकत नाही. प्रोजेक्टरला आणि नव्या एसएमपीएसना शुद्ध साइन लहरच मानवते.

वरणबट्टी

मी अमळनेरला डीटीपीचे (संगणकावर छपाईची पाने लावण्याचे) दुकान चालवते. इथे सगळे नव्या यंत्रांविषयी बोलत आहेत, म्हणून जुन्याची बाजू मांडते. आमच्याकडे लग्नपत्रिका आजही पेजमेकर ७ मध्ये लागतात. ही त्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती, २००१ सालची. पत्रिकांचे, अहवालांचे आणि दिवाळी अंकांचे वर्षानुवर्षांचे साचे त्यात आहेत आणि ते सगळे युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये आहेत. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे मजकूर नव्या प्रोग्रॅममध्ये नेला की अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. रूपांतर करणारी साधने आहेत, पण जोडाक्षरे आणि रफार हमखास घसरतात, आणि नवरीच्या आजोबांच्या नावातला रफार घसरलेला कोणाला चालत नाही. म्हणून विंडोज ७ चे ते यंत्र मी जपून वापरते. त्याला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला हे मला ठाऊक आहे. ते नेटला जोडलेले नाही, पेन ड्राइव्ह दुसऱ्या यंत्रात तपासूनच त्यात लावते.

आमची अडचण अशी की लग्नसराई आणि ऊन एकाच वेळी येतात. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की इंक टँक प्रिंटर चार दिवस बंद राहिला तरी हेडच्या छिद्रांत शाई वाळते, आणि हेड क्लीनिंग वारंवार केले की महागाची शाई आतल्या फोममध्ये जिरते. मी काम असो वा नसो, दोन दिवसांआड सर्व रंगांचे एक पान छापते. लेझर प्रिंटरला हा त्रास नाही, पण कोरड्या हवेत कागदांत स्थिर वीज साठून दोन-दोन कागद एकत्र ओढले जातात. गठ्ठा फडफडवून घ्यावा लागतो. कूलर लावला की कागद सुधारतो, मात्र कूलरचा झोत थेट यंत्रावर येऊ देऊ नये आणि मृगाचा पाऊस पडला की कूलर बंद करावा, कारण त्यानंतर तो गारवा देत नाही, नुसती ओल देतो आणि कागद मऊ पडून अडकतो.

अनेर

ताई, तुमची पद्धत योग्य आहे. भीती फक्त एकच, ती म्हणजे त्या यंत्राचा मदरबोर्ड ऐन लग्नसराईत गेला तर तसाच मिळणार नाही. ती संपूर्ण विंडोज व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) प्रतिमा म्हणून उतरवून घ्यावी. मग ती कोणत्याही नव्या संगणकात एका खिडकीत, फॉन्ट आणि साच्यांसह, जशीच्या तशी चालते. फक्त परवान्याची पुन्हा नोंदणी मागितली जाऊ शकते, म्हणून हे काम गडबडीत करू नये. प्रतिमेची एक प्रत हार्ड डिस्कवर ठेवा, एसएसडीवर नव्हे. वीज न मिळता कपाटात पडून राहिलेल्या एसएसडीतला साठा कालांतराने विरतो, आणि उष्णतेत लवकर विरतो.

केळीबाग

रावेरला आमचे कृषी सेवा केंद्र आहे. सहाव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी मेमरी, विंडोज १० आणि हिशेबाचे टॅली असा संसार आहे. एसएसडी मागेच बसवली आहे. विंडोज १० चा आधार संपल्यापासून रोज पडद्यावर सूचना येते. दुकानदार नवीन घ्या म्हणतो, भाचा लिनक्स टाका म्हणतो. खर्च कमीत कमी कसा होईल?

अनेर

केळीबाग भाऊ, विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. व्यक्तिगत वापरकर्त्यांसाठी सुरक्षा अद्यतने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याची योजना मायक्रोसॉफ्टने जाहीर केली होती. ती घेतली नसेल तर सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय दिसतो का पाहा. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची निदान आठवी पिढी लागते, त्यामुळे तुमचे यंत्र अधिकृतपणे त्यात बसत नाही. अडथळा चुकवून बसवण्याच्या युक्त्या आहेत, पण हिशेबाच्या यंत्रावर मी त्या करणार नाही. (इतर वाचकांसाठी: यंत्र आठव्या पिढीचे असूनही ‘चालणार नाही’ असा संदेश येत असेल तर बऱ्याचदा टीपीएम बायॉसमध्ये नुसते बंद असते.)

लिनक्स मिंट ४ जीबीमध्ये चांगले चालते आणि भाच्याचे म्हणणे घरच्या संगणकासाठी बरोबर आहे. पण टॅली विंडोजसाठीच बनते, जीएसटीसाठी डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरत असाल तर त्याचे ड्रायव्हर, आणि अंगठ्याचे यंत्र असेल तर त्याचे सॉफ्टवेअर, हे सगळे विंडोज धरूनच चालते. दुकानाच्या काउंटरवर प्रयोग करू नये.

गिरणाकाठ

मी याहून स्वस्त मार्ग सुचवतो. आहे ते यंत्र टॅलीपुरते ठेवा आणि त्याचे नेट काढून टाका. रोजचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या, आणि नेटची कामे, म्हणजे विवरणपत्रे, बँक आणि ईमेल, यांसाठी आठव्या पिढीचा एक वापरलेला कंपनी लॅपटॉप घ्या. मोठ्या कंपन्या भाडेकरार संपले की असे लॅपटॉप ढिगाने बाहेर काढतात आणि त्यांची बांधणी नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा मजबूत असते. घेताना बॅटरीची मूळ क्षमता आणि आताची क्षमता तपासा. विंडोजमध्ये त्यासाठी ‘powercfg /batteryreport’ ही आज्ञा आहे. बायॉसला जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला नाही ना, तेही दुकानातच पाहा. उरलेल्या पैशांत भुसावळकर आबांनी सांगितलेले व्होल्टेज तोडणारे उपकरण बसते.

केळीबाग

हे पटले. एक शेवटची शंका. आमचा लेझर प्रिंटर ६०० व्हीए च्या यूपीएसला जोडला आहे आणि छापताना यूपीएस शिट्टी मारतो. यूपीएस मोठा घ्यावा का?

भुसावळकर

प्रिंटर यूपीएसवरून काढून थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. लेझर प्रिंटरच्या आत पावडर कागदावर वितळवून चिकटवणारा रोलर १८० ते २०० अंशांपर्यंत तापतो, आणि तो तापताना प्रिंटर क्षणभर शेकडो वॅट, काही वेळा हजाराहूनही अधिक, ओढतो. ६०० व्हीए चा यूपीएस जेमतेम ३६० वॅट देतो, तो शिट्टी मारून स्वतःचा जीव वाचवतो आहे. वीज गेल्यावर छापायचे काम थांबले तर नुकसान कागदाचे, टॅलीचे नाही.

बॅटरी बदलायची असेल तर १२ व्होल्ट ७ अ‍ॅम्पिअर-तासांची ताज्या बनावटीची मागा आणि तिच्यावरची उत्पादनाची तारीख वाचून घ्या. दुकानाच्या माळ्यावर एक उन्हाळा न चार्ज होता काढलेली सीलबंद बॅटरी वॉरंटीच्या कागदावर नवी असते, आत तिच्या पट्ट्यांवर सल्फेट बसून क्षमता आधीच गेलेली असते. जानेवारी-फेब्रुवारीत, नवा माल आलेला असताना घेतलेली बरी.

केळीबाग

प्रिंटर भिंतीवर लावला, शिट्टी बंद झाली. बॅटरीवर तारखेऐवजी आकड्या-अक्षरांचा संकेत दिसतो आहे. तो फोटो काढून दुकानदाराला पाठवतो आणि वाचून घेतो.

भुसावळकर

संकेताची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते, त्यामुळे त्याने तोंडी सांगितलेली तारीख बिलावर लिहून मागा.